नवरीचा पलंग

त्या वर्षी आमच्या मंगरूळच्या घरात सगळ्याच गोष्टींना जवसाच्या तेलाचा वास यायचा. भाकरीला यायचा, गोधडीला यायचा, बाच्या पटक्याला तर इतका यायचा की बाजारात गिऱ्हाइकं कोथिंबिरीची जुडी नाकाशी नेऊन त्याच्याकडं संशयानं बघायची. माय रोज सकाळी चूल पेटवताना म्हणायची, की एक दिवस हे सगळं ती चुलीत घालणार आहे. तिनं ते कधी घातलं नाही. उलट भाकरी टाकून झाल्या की निखारे मागं ओढून माझ्या तेलाच्या मडक्याला जागा करून द्यायची आणि वर मला बोलायची. आता माझ्या नाकाला फारसं काही कळत नाही, वय झालं. पण नातसून जवसाची चटणी कुटायला बसली की मी उठून तिच्याजवळ जाऊन बसते. तिला वाटतं, म्हातारीला चटणी हवी आहे.

आम्ही माळी. गावाच्या कडेला ओढ्याकाठी आमचा मळा होता. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात काकड्या. पहाटे बा मोट धरायचा, तिची कुरकुर आणि थारोळ्यात पडणाऱ्या पाण्याचा धबका ऐकत मी लहानाची मोठी झाले. लग्न होऊन मेडशीला गेले तेव्हा तिथं मोट लांब होती, आवाज यायचा नाही, म्हणून मला सुरुवातीला झोप लागत नसे. नवरा पावसाळ्यात पटकीनं गेला. त्याच्याबद्दल मला फार सांगता येत नाही, आमची ओळखच पुरती झाली नव्हती. तो बरा माणूस होता. एकदा बाजारातून माझ्यासाठी रेवड्या आणल्या आणि सगळ्यांदेखत द्यायला लाजून धान्याच्या कोठीवर ठेवून निघून गेला. तेवढं मला आठवतं.

बा मला घेऊन आला. आमच्या जातीत बाईचा पाट लागायचा, म्हणजे नवरा गेला तरी दुसरं घर मिळायचं, त्यामुळं माझ्याकडं कोणी जन्माची गेलेली म्हणून बघत नव्हतं. पण तोवर काय, हा प्रश्न होता. तोवर बाजारात बसायचं नाही. लग्नाच्या घरी जायचं नाही. सकाळी कोणी कामाला निघत असेल तर त्याच्यासमोर दारात यायचं नाही. आयाबाया यायच्या, माझ्यासमोर बसायच्या, सुस्कारा टाकायच्या आणि मायच्या हातचा चहा पिऊन जायच्या. मी पंधरा-सोळा वर्षांची होते, अंगात बैलाचं बळ होतं, आणि मला घरात बसवून ठेवलं होतं. मला रडू यायचं नाही, राग यायचा. कोणावर ते कळायचं नाही.

खुर्ची आली ती अशात. गावातला एक ओव्हरसियर बदलून गेला, त्याच्या घरी बा भाजी घालायचा. जाताना त्यानं एक मोडकी हाताची खुर्ची मागं टाकली, ती बानं रिकाम्या बंडीत घालून आणली. कशाला आणली ते त्यालाही सांगता येईना. आमच्या घरात कोणी खुर्चीवर बसत नव्हतं. ती गोठ्याजवळ पडली आणि कोंबड्या तिच्यावर बसू लागल्या. तिला कधीकाळी हिरवा रंग दिलेला होता, त्याचे पोपडे सुटले होते. एका दुपारी मी सहज नखानं एक पोपडा उचकटला. खाली पांढरा रंग होता. पांढऱ्याखाली लाकूड. मग मी फुटक्या कंदिलाची काच आणली आणि खरवडायला लागले.

खरवडताना जो आवाज येतो तो मला अजून आवडतो. कोरडा, बारीक, एकसुरी. काच नीट धरली तर लाकडाचा कागदासारखा पापुद्रा निघतो, वाकडी धरली तर ओरखडा उठतो. त्या दिवशी पुष्कळ ओरखडे उठले. पण संध्याकाळपर्यंत एका हाताखालचं सागवान उघडं पडलं, मधासारखं, त्यात वरून खाली गेलेल्या रेघा. इतके दिवस ते आत होतं आणि वर कोंबड्या बसत होत्या. मायनं भाकरीला हाक मारली तेव्हा मला कळलं, की दुपारपासून मी मेडशीचा विचार केला नव्हता.

पहिल्या खेपेला मी त्या खुर्चीचं वाटोळंच केलं. घरातलं जवसाचं तेल घेतलं, त्यात गेरू कालवला आणि फासून दिला. रंग छान दिसला, पण वाळेना. चार दिवस झाले, आठवडा झाला, बोट लावलं की बोट लाल. बाला कोणी सांगितलं नव्हतं. तो मळ्यातून दमून आला आणि आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसला. मग तसाच बाजारात गेला. त्याच्या धोतराची मागची बाजू बघून दिवसभर बाजार हसला आणि त्याला वाटलं, आज लोक खुशीत आहेत.

हसणाऱ्यांत खैरूनबी होती. दर्ग्याच्या रस्त्याला तिचं घर. तिचा नवरा खरादी होता, लाकूड चरकावर धरून बाजेचे खूर, पाळण्याचे दांडे, लाटणी करायचा आणि त्यांना लाखेचा रंग द्यायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. चरक तिनं विकला, पण रंग-पॉलिशाचं काम ती घरात बसून करायची, लोक जुनं सामान तिच्याकडं आणून टाकायचे. ती बाच्या मागोमाग आमच्या घरी आली, खुर्चीला बोट लावलं, बोट हुंगलं आणि म्हणाली, "बेटी, कच्चं तेल हाय हे. पोळ्यापावतर वाळनार नाई."

तिनंच मला तेल उकळायला शिकवलं. मंद आचेवर, तेल लवकर वाळावं म्हणून मुरदाडशिंगाची पूड टाकून, मडक्यावरची नजर न हलवता. तिनंच मला चपडी, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटात भिजवून पॉलिश करायला शिकवलं. कापसाचा बोळा मलमलीच्या फडक्यात गुंडाळायचा, पॉलिशात बुडवायचा, पिळायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत जायचं. मधे थांबायचं नाही. थांबलं की तिथं डाग धरतो. एक हात झाला की वाळू द्यायचा, काचकागद मारायचा, पुन्हा दुसरा हात. असं करत करत लाकडात आपलं तोंड दिसेपर्यंत. शिकवताना ती फारसं बोलायची नाही. माझा हात चुकला की आपला हात माझ्या हातावर ठेवायची आणि तसाच फिरवायची. तिचे तळवे लाखेनं कायमचे तांबडे झाले होते. पुढं माझेही झाले. मेंदी लावली का म्हणून लोक विचारत.

हळूहळू काम यायला लागलं. शाळेतलं स्टूल, दुकानदाराची गल्ल्याची पेटी, कोणाचा आरसा लावलेला कपाटाचा दरवाजा. खैरूनबीच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं, म्हणून ती मोठं काम आमच्या अंगणात आणून टाकायची. नाव तिचं, हात माझे. मायनं ही सोय पक्की करून टाकली होती. कोणी विचारलं की सांगायची, खैरूनबीला जागा नाही, म्हणून तिचं सामान आमच्याकडं पडलं आहे. दर वेळी ते ऐकलं की माझा काचकागद जरा जोरात चालायचा.

मग देशमुखांचा पलंग आला. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, अमरावतीचं स्थळ, मोठी माणसं. देशमुखांनी अकोल्याला कुण्या साहेबाच्या सामानातून जुना शिसवी पलंग घेतला होता. त्याच्यावर कोण्या गाढवानं काळा रंग थापला होता. डोक्याच्या बाजूला एवढी थोरली फळी, तिच्यावर वेलबुट्टी कोरलेली, आणि प्रत्येक पानाच्या खाचेत रंग बसलेला. ती पानं मी बाभळीच्या काट्यानं कोरून काढली. जेवायलाही उठत नव्हते. माय तिथंच आणून द्यायची, भाकरीत मिरचीचा ठेचा घालून गुंडाळी करून, कारण माझे हात ताटाला लावण्यासारखे नसत. फळीवर पहिला पॉलिशचा हात फिरला आणि काळसर तांबडं शिसव खालून वर आलं तेव्हा बासुद्धा बैल सोडायचे विसरून बघत उभा राहिला.

आणि त्याच कामाच्या शेवटाला, एका दुपारी, मेडशीची दमणी दारात थांबली. सासरा आला होता, दीर किसन आला होता आणि सोबत आमच्या जातीच्या पंचांतले लक्षुमनकाका होते. काका गावातलेच, बाजारात त्यांची जागा आमच्या जागेपासून लांब नव्हती. मायनं बाज टाकली, गूळ-पाणी दिलं. त्यांचं येणं बाला माहीत होतं हे मला त्याच्या मान खाली घालण्यावरून समजलं. बाजारात बोलणं होऊन गेलं होतं आणि त्यानं नाही म्हटलेलं नव्हतं.

मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला लिंबाखाली होते, फळीवर शेवटचा हात फिरवत. माय लगबगीनं आली आणि हळूच म्हणाली, की डोक्यावर पदर घे, आत येऊन दारामागं बस. मी सांगितलं की हात थांबवता येत नाही, डाग पडेल. ती माझ्याकडं बघत राहिली, जणू मी दुसऱ्याच कोणाची पोरगी. मग ती मंडळीच उठून माझ्याकडं आली.

सासरा वाईट बोलला नाही, हे मला सांगितलं पाहिजे. तो म्हणाला की घर तुझंच आहे, सासू तुझी आठवण काढते, वांग्याचा मळा वाढवला आहे पण हात कमी पडतात. किसन पाट लावायला तयार आहे. किसनला एक बायको होती, गऊ नावाची, तिला मूल नव्हतं. मी मेडशीला असताना ती माझ्या वेणीला तेल लावून द्यायची. तिची काही हरकत नाही, असं तिच्या वतीनं किसननंच सांगितलं. मी गोल गोल हात फिरवत होते. लक्षुमनकाका म्हणाले की आईबाप काही जन्माला पुरत नाहीत, चांगलं घर चालून आलं आहे, पोरीनं अडून बसू नये.

किसनला माझं न थांबणं सहन झालं नाही. हे काय बाईचं काम आहे का, असं म्हणत तो पुढं आला आणि त्यानं आपला पंजा फळीवर ठेवला. नुकत्याच पॉलिश केलेल्या वेलबुट्टीच्या बरोबर मधोमध.

मी म्हणाले, "भाऊजी, हात काढा. ओलं हाये."

त्यानं काढला नाही. उलट दाबला. माझ्याकडं बघत दाबून धरला आणि मग सावकाश उचलला. पाची बोटं उमटली, अगदी बोटांच्या रेघांसकट. मेडशीला गेले तर काय होईल ते मला त्या पंजात जेवढं स्पष्ट दिसलं तेवढं कोणी तासभर बोलून सांगू शकलं नसतं.

"म्या मेडशीले येनार नाई," मी म्हणाले. "आज नाई अन् मंग बी नाई."

आणि काचकागद घेऊन त्यांच्यासमोरच मी तो पंजा घासायला लागले.

सासऱ्यानं बाच्याकडं बघितलं. बानं पटका काढला, झटकला, पुन्हा डोक्यावर ठेवला. "पोरगी नाई म्हनते," तो म्हणाला.

"थे आयकलं. तू काय म्हनतं?"

"म्या बी थेच म्हनतो."

माझा बाप आयुष्यात फार कमी बोलला. पंचांसमोर तर कधीच नाही. त्या चार शब्दांची किंमत त्याला माहीत होती आणि ती आम्ही पुढं भरली. जातीच्या पंगतीला आमची पानं मांडणं बंद झालं. मायच्या सख्ख्या भाचीचं लग्न शेलूबाजारला झालं, वाजंत्रीची खबर आम्हाला वाटेनं जाणाऱ्या बंडीवाल्याकडून कळली, आणि माय दिवसभर मिरच्यांचे देठ खुडत बसली. वर्षं गेली, पंचांतली माणसं बदलली, तेव्हा कुठं बोलावणं आलं. पाट मी पुढं लावला, पण माझ्या मनानं, आणि ज्याच्याशी लावला त्यानं आधी विचारलं होतं की तेलाचं मडकं कुठं ठेवायचं. ती गोष्ट निराळी आहे.

त्या दुपारी मात्र लक्षुमनकाका जाता जाता पलंगाकडं वळले. कोणाचा आहे म्हणून विचारलं. माय घाईनं म्हणाली की खैरूनबीचं काम आहे. काका हसले. माझे हात त्यांनी पाहिलेच होते. देशमुखांच्या पोरीच्या लग्नाचा पलंग, आणि तो पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या हातचा, हे देशमुखांच्या कानावर घालावं लागेल, असं ते म्हणाले. पोरगी मेडशीला जाणार असेल तर मात्र आपल्याला काही बोलायचं कारण नाही. असं म्हणून ते दमणीत बसले.

माय घाबरली ती तेव्हा. देशमुखांच्या विहिरीवरून आमच्या खालच्या वाफ्यांना पाणी यायचं. खैरूनबीला बोलावलं. ती म्हणाली की पलंग ती स्वतः पोचवेल, कुराणाची शपथ मागितली तर तेवढी घेणार नाही, पण बाकी काय विचारतील ते ती बघून घेईल. बा म्हणाला, तसंच करू. मी सांगितलं की पलंग मी नेणार आणि केला कोणी तेही मीच सांगणार. माय रडली, मग चिडली, मग म्हणाली की तुला एवढं मिरवायचं कशाचं आहे. त्याचं उत्तर आज देते. ती पानं मी कोरली होती. लपवायला मी चोरी केली नव्हती.

सकाळी बंडीत कडबा पसरून पलंग ठेवला. माय आपलं जुनं लुगडं घेऊन आली, वरून झाकायला. मी घालू दिलं नाही. पॉलिश अजून पुरतं कडक झालं नव्हतं, कापड चिकटलं असतं. हे खरं होतं. ते खरं नसतं तरी मी घालू दिलं नसतं, हेही खरं. म्हणून तो पलंग उघडाच निघाला, भर बाजाराच्या रस्त्यानं, ऊन त्याच्यावर पडत होतं आणि फळीत दोन्ही बाजूंची दुकानं दिसत होती. बा बैलांपुढं, मी चाकाजवळ. आल्यापासून त्या रस्त्यावर दिवसाउजेडी मी पाऊल टाकलं नव्हतं. थोडं पुढं गेल्यावर मागं बघितलं तर माय येत होती, चपला न घालता.

देशमुखांच्या ओट्यावर लक्षुमनकाका आधीच येऊन बसले होते. देशमुखीणबाई दारात उभ्या होत्या, मागं एक मोलकरीण हातात तांब्या घेऊन. पलंग उतरवला. बाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग मला विचारलं, "खैरूननं केला ना हा?"

त्यांना सगळं कळलेलं होतं. तो गोमूत्राचा तांब्या उगाच नव्हता. मी खोटं बोलावं, म्हणजे चारचौघांत माझं नाव न येता शिंपडून मोकळं होता येईल, अशीच ती वाट होती, आणि कदाचित त्यांनी ती माझ्यावर दया करून ठेवली असेल. मी सांगितलं, "नाई बाई. म्या केला. मी माळ्याची मनकर्णा. माहा नवरा मागच्या पावसाळ्यात वारला."

मोलकरीण तांब्या घेऊन पुढं आली. बाई म्हणाल्या की लग्नाची वस्तू आहे, गोमूत्र शिंपडून घ्यावं लागेल, त्यात मला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

"शिंपडा," मी म्हणाले. "पलंग तुमचा हाये. पन या पॉलिशवर ओलं पडलं अन् राह्यलं तं पांढरे डाग येतात. मंग थे पुसून जात नाईत. म्या पुन्हा येऊन कराले तयार हावो, पन मंग बी हात माहाच लागनार."

मी हे उर्मटपणानं म्हणाले का? म्हणाले असेन. ओट्यावरून काका उठून उभे राहिले आणि त्यांनी बाईंना सांगितलं की अशी पोरगी तोंडाला लावून घेऊ नये. बाईंनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. त्या फळीकडं वाकून बघत होत्या. वेलबुट्टीच्या मधे, जिथं आदल्या दिवशी किसनचा पंजा होता, तिथं आता त्यांचं तोंड दिसत होतं, नथीसकट. अमरावतीची माणसं आठवड्याच्या आत यायची होती. त्यांनी पदराच्या टोकानं, अगदी हलक्या हातानं, फळीवरचा कडब्याचा एक कण उडवला.

"तांब्या आत ने," त्या मोलकरणीला म्हणाल्या.

तांब्या आत गेला. गड्यांनी पलंग उचलला आणि दारातून तिरपा करून तोही आत नेला. मी तिथूनच ओरडून सांगितलं, की उन्हात ठेवू नका आणि दोन दिवस वर गादी टाकू नका.

परत निघालो तेव्हा बाजार भरला होता. बा रिकामी बंडी घेऊन पुढं गेला, आम्ही मायलेकी पायी. वांग्याच्या ढिगामागं बसलेल्या एका बाईनं, पंचांच्याच घरातली होती ती, मायला विचारलं की सकाळी सकाळी पोरीला घेऊन कुठं गेली होतीस. माय थांबली. मला वाटलं, आता खैरूनबीचं नाव येणार. मायनं पदर कमरेला खोचला.

"देशमुखायच्या घरी," ती म्हणाली. "माह्या मनकर्णेनं नवरीचा पलंग केला, थो द्याले."

एवढं ती मोटेवरच्या बाला हाक मारतात तितक्या मोठ्यानं म्हणाली, आणि मग त्या बाईच्या ढिगातलं एक वांगं उचलून, उलटसुलट करून, किडकं म्हणून खाली ठेवून दिलं.